गुंतागुंतीचं घड्याळ घेताना: आधी कारागीर, मग मशीन, मग नाव

पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४२, सॉफ्टवेअरमधली नोकरी, कंपनीचे शेअर विकून हातात आलेले पंचवीस लाख. आजोबांच्या मनगटावर एचएमटी पाहिलं तेव्हापासून चावीच्या घड्याळांचा नाद, आणि आता "एक तरी खरं कॉम्प्लिकेशन", म्हणजे नुसत्या वेळेपलीकडे काही दाखवणारं घड्याळ, घ्यायचं आहे. समोर दोन घड्याळं आहेत. दुबईतल्या एका डीलरकडे आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं सोन्याच्या केसमधलं दा विंची आहे, १९८० च्या दशकातलं, पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्ष धरून तारीख आपोआप जुळवणारं) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) असलेलं, कागदपत्रं नाहीत. दुसरं मुंबईतल्या एका जुन्या घरातून निघालेलं युनिव्हर्सल जनेव्हचं ट्राय-काँपॅक्स, "डायल अगदी नव्यासारखी". कोणतं घेऊ? किंमत वाढेल का? की दोन्ही सोडून नवं टूरबियॉन (झोका घेणारं चाक गोल फिरणाऱ्या पिंजऱ्यात बसवलेलं घड्याळ) घेऊ? शेवटी एक ओळ: मुलगी सहा वर्षांची आहे, पुढे तिला देता येईल असं हवं.

आधी माझी बाजू सांगते. वडिलांचं गिरगावात घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. बारावीनंतर त्यांच्या शेजारी बसून मशीन उघडायला शिकले, मग काही वर्षं एका स्विस कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काढली, आणि गेली अठरा वर्षं ठाण्यात स्वतःचं काम करते. त्यातलं निम्मं काम संग्राहकांना घेण्याआधी घड्याळ तपासून देण्याचं. मी घड्याळं विकत नाही, दलाली घेत नाही. पण नजर कारागिराची आहे, व्यापाऱ्याची नाही. किमतीबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसं बाजारात आहेत, हे धरून पुढचं वाचा.

तुम्ही विचारलंय "कोणतं घेऊ". मला त्याआधीचा प्रश्न दिसतो: या मशीनला पुढची तीस वर्षं हात कोण लावणार? तुमच्या आजोबांचं एचएमटी कुठल्याही तालुक्याच्या गावात उघडलं जातं, साफ होतं, दोन दिवसांत परत मिळतं. पर्पेच्युअल कॅलेंडरचं तसं नाही. डायलखालचं कॅलेंडर सुटं करून पुन्हा नीट बसवणारी माझ्या माहितीतली माणसं या देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एक असूनही मी सगळ्याच कॅलेंडरना हात लावत नाही. काही सरळ परत पाठवते. तेव्हा पैसे देण्याच्या आधी त्या माणसाचा किंवा त्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता तुमच्याकडे हवा. "आधी घेऊ, मग बघू" म्हणणारे शौकीन माझ्याकडे दर महिन्याला येतात, बंद पडलेलं घड्याळ घेऊन.

आता या यंत्राच्या पोटात काय चालतं ते सांगते, कारण तपासायचं काय हे त्याशिवाय कळणार नाही. पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये एक चकती असते. साध्या रचनेत ती चार वर्षांत एक फेरी मारते आणि तिच्या कडेवर ४८ महिन्यांचे ४८ टप्पे कापलेले असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंच, ३० च्या महिन्याला थोडी खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि चारांतल्या एका फेब्रुवारीला किंचित उथळ. एका लांब लिव्हरची चोच या कडेवर टेकते. महिना संपत आला की चोच किती आत गेली त्यावर तारखेचं चाक किती दात पुढे ढकलायचं ते ठरतं. एवढंच. अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसाच्या पायासारखी ती चोच खोली चाचपते, आणि घड्याळाला कळतं की उद्या १ मार्च आहे.

२८ आणि २९ तारखांच्या खाचांतला फरक बघायला मला आयग्लास लावावा लागतो. चोच झिजली, तिची स्प्रिंग सैल पडली किंवा कुणी नको तिथे तेल सोडलं, तर घड्याळ महिनाभर बिनचूक चालेल आणि फक्त महिनाअखेरीला चुकेल. डीलर तुम्हाला १५ तारखेला व्हिडिओ पाठवतो, काटे फिरतायत, चंद्र हसतोय. त्या व्हिडिओतून कॅलेंडरबद्दल काहीही कळत नाही. परीक्षा ३० तारखेच्या रात्री असते.

दा विंचीचं मात्र आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते माहीत नसताना हे घड्याळ घेऊच नये. १९८५ साली शाफहाउझेनच्या आयडब्ल्यूसीनं ते आणलं तेव्हा क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांच्या, लाटेनं स्विस कारागिरांचं कंबरडं मोडलेलं होतं. कुर्ट क्लाउस नावाच्या त्यांच्या कारागिरानं हे कॅलेंडर रचलं आणि वार, तारीख, महिना, चार आकडी वर्ष, चंद्र असं सगळं एकमेकांना असं जोडलं की एकट्या चावीनं (केसच्या बाजूच्या गुंडीनं) ते एकदम पुढे सरकतं. इतर बहुतेक कंपन्यांच्या पर्पेच्युअलना केसच्या कडेला बारीक खळगे असतात, त्यात काडी खुपसून वार वेगळा, महिना वेगळा, चंद्र वेगळा लावावा लागतो. दा विंचीत ती कटकट नाही. एक टिचकी, एक दिवस, सगळं एकदम. पण ते फक्त पुढे जातं. मागे येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच दा विंची रुमालात गुंडाळून घेऊन आले. नातवानं चावी अर्धी बाहेर ओढून मनसोक्त फिरवली होती. मी दिवस मोजले: ४३ दिवस पुढे. "मॅडम, मागे घ्या ना." म्हटलं, मागे घेता येत नाही, पण उघडायचीही गरज नाही. घड्याळ थांबू द्या, कपाटात ठेवा, बरोबर ४३ दिवसांनी जी तारीख ते दाखवतंय त्याच तारखेला सकाळी चावी देऊन सुरू करा. किती पैसे? काही नाही. त्यांना ते पटेना. फुकटचा सल्ला कुणाला पटतो! मधे तीनदा फोन आला, "खरंच काही करायचं नाही का?" त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन: वार जुळला, तारीख जुळली, चंद्रसुद्धा जुळला.

नातू ४३ दिवसांवर थांबला म्हणून बरं. तोच चार वर्षं पुढे गेला असता तर मशीन उघडून कॅलेंडर सुटं करण्याला पर्याय नव्हता. म्हणून दुबईच्या डीलरला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. वर्षाच्या खिडकीत आज कोणतं वर्ष दिसतंय, त्याचा फोटो मागवा. पुढचं एखादं वर्ष दिसत असेल तर घड्याळ कुणीतरी "करून बघितलेलं" आहे, आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्या माथी आहे. आणि याच कारणानं तुम्हीही दुकानात उभं राहून, तारीख पुढे ढकलत नेऊन, फेब्रुवारीअखेरची परीक्षा घेऊ नका. काडीनं लावायच्या पर्पेच्युअलवर ती घेता येते. तिथेही महिन्याचा खळगा एकदा जास्त दाबला गेला तर ४७ वेळा दाबून गोल फिरून यावं लागतं, पण निदान येता येतं.

मग दा विंची तपासायचं कसं? मी असं करते. ३० दिवसांच्या महिन्याची अखेर गाठते आणि घड्याळ चालू ठेवून रात्री बघते. डीलर तेवढे दिवस थांबायला तयार नसेल तर निदान एक मध्यरात्र तरी हवी. साडेदहाच्या सुमाराला बसायचं, काटे हातानं फिरवायचे नाहीत, घड्याळ आपल्या चालीनं जाऊ द्यायचं. तारीख, वार आणि चंद्र आपापल्या जागी पूर्ण सरकले पाहिजेत. वार दोन नावांच्या मध्ये अडकून राहिला किंवा तारखेचा काटा आकड्याच्या अलीकडेच थबकला, तर आत झीज किंवा वाळलेलं तेल आहे. त्या वेळी मशीनवर कॅलेंडर ओढायचा भार असतो, त्यामुळे टाइमग्राफरवर (चाल मोजणाऱ्या यंत्रावर) बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाचा, झोका थोडा कमी होतो. थोडा कमी होणं ठीक. दुपारी पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून २७० अंशांच्या पुढे झोका हवा. रात्री तो २०० च्या खाली घसरत असेल तर मी घड्याळ परत देते आणि ओव्हरहॉलिंगचा अंदाज विक्रेत्यासमोर ठेवते. क्रोनोग्राफ चालू करूनही बघायचं. वीस-तीस अंश उतरणं नेहमीचं, पन्नास उतरले तर कुठेतरी घासतंय. शून्यावर आणताना तिन्ही काटे एकदम आणि नेमके शून्यावर आले पाहिजेत, सेकंदाचा काटा एक घर सोडून बसला तर कुणीतरी तो काढून पुन्हा बसवलेला आहे.

रात्री साधारण आठ ते पहाटे तीन या वेळात कॅलेंडरला हात लावायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेल. तरीही लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या दातांपैकी बरेचसे मुंजीच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री "जरा तारीख लावून ठेवू" म्हणून तुटलेले असतात.

दा विंचीची जमेची बाजू म्हणजे खालचं मशीन. ते व्हालजू ७७५० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मशीनच्या पायावर आहे, आणि ७७५० हे घड्याळांच्या जगातलं डिझेल इंजिन. ताकदवान, थोडं आवाजी, आणि कुणालाही दुरुस्त करता येईल असं. रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीनं फिरणारं आतलं वजन, एकाच दिशेनं चावी भरतो, उलट दिशेला मोकळा फिरतो. हात झटकलात की मनगटावर भोवरा फिरल्यासारखं जाणवतं, ते बिघाड समजू नका. तळमजला कोणीही उघडेल, वरचा मजला मात्र आयडब्ल्यूसीचाच. कॅलेंडरचा एखादा भाग तुटला तर तो बाजारात मिळत नाही. कंपनीकडेच पाठवावं लागतं, ते बहुतेक वेळा देशाबाहेर जातं, आणि महिने लागतात. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगते की जुनं पर्पेच्युअल घेताना किमतीच्या निदान दहा टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते पैसे नाहीतच असं समजा.

सोन्याच्या केसबद्दल एक छोटी गोष्ट. स्विस सोन्याच्या केसवर सरकारी शिक्का असतो. १९९५ च्या ऑगस्टपर्यंत अठरा कॅरटला हेल्वेशियाचं, म्हणजे एका स्त्रीचं मस्तक, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. डीलर "८७ सालचं" म्हणत असेल आणि केसवर कुत्रा दिसत असेल, तर एक तर साल खोटं किंवा केस नंतरची. आणि मस्तकाचे नाकडोळे पुसट होऊन नुसता गोळा उरला असेल तर केसला बरेचदा बफ मारलेला आहे. लग, म्हणजे पट्टा जिथे अडकतो ते चार पाय, त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या दिसतील. गेलेलं सोनं परत येत नाही.

आता मुंबईचं ट्राय-काँपॅक्स. हे मला मनापासून आवडणारं घड्याळ आहे आणि म्हणूनच जास्त सावध करते. युनिव्हर्सल जनेव्हनं ते १९४४ मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी आणलं: वार, तारीख, महिना, चंद्रकला आणि तीन लहान तबकड्यांचा क्रोनोग्राफ. कॅलेंडर साधं आहे, पर्पेच्युअल नाही, त्यामुळे वर्षातून पाच वेळा तारीख हातानं पुढे न्यावी लागते. मला स्वतःला हे पाच दिवस आवडतात. चंद्राची चकती अशा घड्याळांत सहसा ५९ दातांची असते, म्हणजे चंद्राच्या दोन फेऱ्यांचे मिळून ५९ दिवस, महिना साडेएकोणतीस दिवसांचा. खरा चांद्रमास त्याहून पाऊण तासाच्या आसपास मोठा, त्यामुळे अडीच वर्षं आणि वर दीड महिना झाला की चंद्र एका दिवसानं चुकतो. दा विंचीत हीच चूक १२२ वर्षांत एका दिवसाची आहे. दुरुस्तीला पुस्तिका लागत नाही. पंचांगात पौर्णिमा बघायची आणि त्या रात्री चंद्र खिडकीच्या मधोमध आणायचा. (आपला अधिक मास मात्र या मशीनच्या गावीही नाही.)

माझं सगळं लक्ष तुमच्या एका शब्दावर अडकलंय: "नव्यासारखी". सत्तर-पंचाहत्तर वर्षं मुंबईच्या हवेत काढलेली डायल नव्यासारखी राहत नाही. जगभरचे संग्राहक इंटरनेटवर "मुंबई स्पेशल" म्हणतात ते काही कौतुकानं नाही. जुन्या मशीनवर नव्यानं रंगवलेली डायल, कुठलीतरी केस, असं जोडून विकलेल्या घड्याळांना ते नाव पडलंय. आणि यात माझ्या घरचा हात नाही असं म्हणणार नाही. वडील स्वतः डायली रंगवायला पाठवायचे. ओल लागून काळी पडलेली डायल बघून गिऱ्हाईकच म्हणायचं, "जरा नवी करून द्या." फसवणूक कुणाच्याच मनात नव्हती; घड्याळ वापरायची वस्तू होती आणि वस्तू स्वच्छ दिसायला हवी होती. मी स्वतः शनिवारी कागदाच्या पुडीत चार-पाच डायली बांधून रंगाऱ्याकडे नेऊन दिल्यात. त्यातली एखादी आज कुठे "मूळ अवस्थेत" म्हणून विकली जात असेल कोण जाणे.

रंगवलेली डायल ओळखायची तर दहापट आयग्लास आणि तिरपा उजेड पुरतो. समोरून बघू नका, टेबलावरचा दिवा बाजूला घेऊन कडेनं बघा. मूळ छपाईत शाई किंचित उठलेली असते आणि अक्षराची कड धारदार असते. रंगाऱ्याच्या डायलवर अक्षर सपाट, कडेला पसरलेलं, वहीत शाई फुटल्यासारखं. लहान तबकड्यांमध्ये बारीक गोल रेघा कोरलेल्या असतात. पुन्हा रंग चढवला की त्या बुजतात, आणि प्रकाश फिरवला की चमक वर्तुळात धावत नाही, नुसती पसरते. ट्राय-काँपॅक्सवर सगळ्यात आधी मी १२ च्या खालची चंद्राभोवतीची तारखांची पट्टी बघते. १ ते ३१ आकडे एवढ्याशा जागेत सारख्या अंतरावर बसवणं हातानं जमत नाही. २७ नंतर जागा कमी पडून आकडे दाटीवाटीनं उभे असतील, तर समजा की रंगाऱ्यानं १ पासून सुरुवात केली होती. सहाच्या खाली काठाला "स्विस" असतं, तेही बघा. ते अर्धं कापलेलं किंवा मोठ्या टायपात दिसलं तर काय ते समजून घ्या.

रंगवलेली डायल म्हणजे घड्याळ टाकाऊ, असं मी म्हणत नाही. आतलं मशीन उत्तम असेल, कॉलम व्हीलचे (क्रोनोग्राफ चालू-बंद करणाऱ्या चाकाचे) खांब धारदार असतील, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या नसतील, तर तुम्ही ते आनंदानं घालाल. फक्त रंगवलेल्या डायलची किंमत द्या. मूळ डायल असलेल्या आणि नसलेल्या घड्याळात निम्म्याहून जास्त फरक पडू शकतो, आणि पुढे विकायला गेलात तर हा फरक तुमच्याकडून वसूल होतो.

कागदपत्रांबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता. मी कमी आहे. पेटी आणि पावती असली तर चांगलंच, पण ती वेगळी विकत मिळतात. उलट मोठ्या लिलावातून, मोठ्या किमतीला घेतलेलं घड्याळही फसवू शकतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात ओमेगा स्पीडमास्टरचं सुरुवातीच्या काळातलं एक घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. २०२३ मध्ये ओमेगानंच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. विकत घेणारी खुद्द ओमेगा होती! तेव्हा कागदापेक्षा मशीनचा नंबर, केसचा नंबर आणि घडण एकमेकांना साजेशी आहे का, हे उघडून बघणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवा. जुन्या कंपन्या नंबर कळवल्यावर नोंदवहीतून काय निघतं ते सांगतात, काही पैसे घेऊन. ते जरूर करा.

किंमत वाढेल का? इथे मी हात आखडता घेते. "दुर्मीळ" हा शब्द जाहिरातीत फार स्वस्त झालाय. पाटेक फिलिपचं १५१८ क्रमांकाचं मॉडेल, १९४१ मध्ये आलेलं पर्पेच्युअल क्रोनोग्राफ, एकूण २८१ बनलं. त्यातली स्टीलची चारच माहीत आहेत आणि त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख फ्रँकला गेलं. दुर्मीळ ते. दा विंची सुंदर आहे, महत्त्वाचं आहे, पण शोधलं तर मिळतं. २०२१ मध्ये बाजार पेटला होता तेव्हा स्टीलच्या स्पोर्ट्स घड्याळांचे भाव आकाशाला भिडले आणि २०२२ च्या मध्यापासून उतरले. माझ्या टेबलावर येणाऱ्या ऐंशीच्या दशकातल्या पर्पेच्युअलना त्या तेजीचा फारसा वारा लागला नव्हता, आणि मंदीचाही नाही. पंचवीस लाखांतून पैसे कमवायचे असतील तर घड्याळ घेऊ नका. मोडायची वेळ आली तर फार झळ बसू नये, एवढीच अपेक्षा ठेवा.

टूरबियॉनबद्दल दोनच वाक्यं. ब्रेगे या घड्याळजीनं १८०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते खिशात दिवसभर एकाच बाजूनं उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट दिवसभर वळत असतं, तिथे त्याचा उपयोग मुख्यतः डोळ्यांना. बघायला आवडत असेल तर घ्या, पण वेळ जास्त अचूक दाखवेल म्हणून घेऊ नका, आणि दुरुस्तीचा प्रश्न तिथेही तोच, किंबहुना जास्त कठीण.

दुबईहून आणायचं असेल तर मनगटावर घालून हिरव्या मार्गिकेतून येण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देऊ नका कान. विमानतळावर जाहीर करा, ड्युटी भरा, पावती जपा. पुढे हेच घड्याळ सर्व्हिसिंगला परदेशी नेताना जाण्याआधी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं लागेल, नाहीतर परत येताना पुन्हा प्रश्न. त्या वेळी ही पावतीच कामी येते. भारतात दुकानातून दहा लाखांवरचं घड्याळ घेतलंत तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता किमतीवर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण खरेदी पॅनवर नोंदली जाते. नव्या स्विस घड्याळांवरची आयात ड्युटी १ ऑक्टोबर २०२५ पासून भारत-ईएफटीए (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट) व्यापार करारानुसार टप्प्याटप्प्यानं उतरते आहे. नवं घेण्याची घाई म्हणूनही नको.

तर आतापर्यंतचं गोळा करून सांगते. दा विंची हे जास्त गुंतागुंतीचं, पण खालचं मशीन ओळखीचं आणि कंपनी अजून त्यामागे उभी. वर्षाची खिडकी, महिनाअखेर आणि झोका या तीन ठिकाणी ते पास झालं तर घ्यायला हरकत नाही. ट्राय-काँपॅक्स जास्त देखणं आणि दुरुस्तीला सोपं, पण डायलचा निकाल लागेपर्यंत त्यावर एक रुपयाही टोकन देऊ नका. तुमच्या जागी मी असते तर आधी मुंबईचं घड्याळ बघितलं असतं, कारण ते बघायला विमान लागत नाही. डायल मूळ निघाली तर तेच. रंगवलेली निघाली तर दा विंची.

घेतल्यावरची काळजीही सांगून ठेवते. सर्व्हिसिंगला देताना पावतीवर लिहून घ्या: केसला पॉलिश नको, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा. तोंडी सांगून चालत नाही. एका गिऱ्हाइकाची मूळ डायल अशीच एका ठिकाणी "सेवेचा भाग म्हणून" नवी होऊन आली. जुनी कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही. ट्राय-काँपॅक्ससारखं जुनं घड्याळ जून ते सप्टेंबर घालू नका. बटणांच्या फटीतून दमट हवा आत जाते आणि आधी गंजतो तो चावीचा दांडा. मी माझी घड्याळं पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवते आणि पंधरवड्यातून एकदा चावी देऊन तासभर चालवते. दर पाच-सहा वर्षांनी तेल बदला, चालत असलं तरी. वाळलेल्या तेलावर घड्याळ चालतं, पण चालता चालता स्वतःलाच घासून काढतं.

मुलीला द्यायचं म्हणता, तर एक हिशेब. २००० हे वर्ष ४०० नं भाग जाणारं, म्हणून लीप होतं. २१०० लीप नाही. पण घड्याळातली ती चकती चारच्या पाढ्यावर चालते, तिला शतक कळत नाही. त्या वर्षी दा विंची २८ फेब्रुवारीनंतर २९ दाखवेल. चावीनं एक दिवस पुढे ढकललं तर तारीख जुळेल, पण वार आणि चंद्रही एक घर सरकतील. म्हणून १ मार्च २१०० ला ते कारागिराकडे न्यावं लागणार. तुमची मुलगी तेव्हा ऐंशीच्या घरात असेल. पेटीत तसा एक कागद लिहून ठेवा.

आणि पेटीवरून आठवलं. दा विंचीबरोबर कंपनी एक बारीक काचेची नळी द्यायची. वर्षाच्या खिडकीतले शतकाचे आकडे एका पट्टीवर असतात आणि ती पट्टी बाविसाव्या शतकापर्यंत पुरते. नळीत त्यापुढच्या तीनशे वर्षांची, म्हणजे २२०० ते २४९९ ची पट्टी असते. बहुतेकांनी ती हरवलेली असते. डीलरकडे असेल तर तो माणूस किंवा त्याच्या आधीचा मालक वस्तू जपणारा होता, एवढं कळतं. तेव्हा नळीबद्दल विचारा, आणि वर्षाच्या खिडकीचा, केसच्या मागच्या शिक्क्याचा आणि ट्राय-काँपॅक्सच्या डायलचा तिरप्या उजेडातला असे तीन फोटो मला पाठवा. पहिला वर्षाच्या खिडकीचा. त्यात पुढचं साल दिसलं तर बाकीचे दोन काढायची तसदी घेऊ नका.